डोरोथीची नोंद

कोविडच्या दोन वर्षांत कल्याणीताई कांबळे लागण कुठून कुठे गेली ते शोधायला दिवसभर अनोळखी लोकांना फोन करायच्या आणि विचारायच्या, "या आठवड्यात कोणाकोणाला भेटलात?" रिटायर झाल्यावर त्या लंडनच्या इल्फर्ड उपनगरातल्या लायब्ररीत जुन्या साथींची रजिस्टरं कॉम्प्युटरवर उतरवायला जाऊ लागल्या. शंभरेक वर्षांपूर्वी हे उपनगर नवंनवं उभं राहत होतं, तेव्हाचा आरोग्य अधिकारी प्रत्येक आजारी मुलाची नोंद ठेवायचा. नाव, रस्ता, शाळा, दूध कुठलं, सगळं.

एका मंगळवारी आर्थर पेनफोल्ड नावाचे पंच्याऐंशीचे गृहस्थ काठी टेकत आले.

"माझी मावशी डोरोथी. १९०९ साली घटसर्पानं गेली, चार वर्षांची होती. सापडेल का?"

"बसा ना. शोधू या."

"माझ्या आईनं शाळेतून आजार आणून धाकटीला दिला, असं आजी एकदा बोलून गेली. आई तेव्हा सात वर्षांची. तिनं ते मनाला लावून घेतलं. आम्हा मुलांचा कधी मुका घेतला नाही तिनं. स्वतःचा कप आयुष्यभर वेगळा ठेवला."

कल्याणीताईंना नोव्हेंबरचं पान सापडलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"डोरोथी तीन तारखेला आजारी पडली. विनी, म्हणजे तुमची आई, सहा तारखेला."

"आधी डोरोथी?"

"हो. आणि हे बघा, त्याच आठवड्यात त्या रस्त्यावर आणखी सहा घरांत घटसर्प. शाळा वेगवेगळ्या, दूध मात्र एकाच गोठ्यातलं. तिथल्या गड्याच्या घशात घटसर्पाचे जंतू सापडले, म्हणून अधिकाऱ्यानं दूध बंद केलं. पुढं दहा दिवसांत साथ थांबली."

"म्हणजे आईनं नाही दिला?"

"इतक्या वर्षांनी शपथेवर कसं सांगू? पण मी हेच काम केलंय. हा कागद माझ्यासमोर आला असता, तर मी दुधाच्या मागं लागले असते. सात वर्षांच्या पोरीच्या नाही."

 पेनफोल्डनी तिथंच टेबलावरून थोरल्या बहिणीला फोन लावला. तिला कमी ऐकू यायचं.

"मेव्हिस, आईचा काही दोष नव्हता. अगं, दोष नव्हता आईचा!"

सगळी लायब्ररी वळून बघू लागली. काउंटरवर बसणारा प्रणय नावाचा मुलगा त्यांना गप्प करायला उठला होता, पण कल्याणीताईंनी त्याला हातानंच थांबवलं.