शेवटच्या रांगेतला दिवा

तेजोनाथ महाराजांनी हात उचलला आणि सोलापुरातल्या त्या मंगल कार्यालयात भक्तांच्या हातातले दिवे आपोआप पेटले. तेल नाही, वात नाही, वायर नाही. पुढच्या दोन रांगा लखलखल्या, तिसरी मिणमिणली, भिंतीकडची चौथी अंधारातच राहिली.

"जिथं पाप, तिथं अंधार," महाराजांनी निकाल दिला. ब्रह्मांडाचं तेज वाटणाऱ्या महाराजांना वाऱ्यासाठी पंखा मात्र विजेचाच लागत होता.

पुढून मल्लव्वाने मागे वळून चौथ्या रांगेतल्या सुनेकडे पाहिलं. "अक्षता, तीन रविवार दिवा पेटंना. खोट तुज्यातच हाय. उद्या दुधनीला माहेरी जा. शिवानी हितंच राहील." अक्षताची दोन वर्षांची लेक शिवानी आजीच्या मांडीवर पेंगत होती. अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीला, संघप्रियाला, राग आला. डाळिंबाच्या बागांत ओलावा मोजणारी यंत्रं बसवणं हे तिचं काम. ही यंत्रं मधल्या खांबाकडून हवेतूनच वीज घेतात आणि मग आळीपाळीने त्याला ओलाव्याची खबर देतात. लांबच्या यंत्राला वीज मिळते कमी, आणि खबर पोचवायची असते जास्त लांब. म्हणून संघप्रिया लांबच्या यंत्राला जास्त वेळ नेमून देते, पापी म्हणत नाही.

तिने रांगा नीट पाहिल्या. पुढे सगळ्या सासवा, मागे झाडून साऱ्या सुना. रीतच तशी होती.

ती मल्लव्वाला म्हणाली, "मावशी, अक्षताशी जागा बदला की. तुमचं पुण्य हितंबी चालंल."

मल्लव्वा ठसक्यात मागे आली आणि तिचा दिवा विझला. पुढे अक्षताचा लख्ख पेटला.

"ग्रह फिरले," महाराज गडबडीने म्हणाले.

"ग्रह ऱ्हाऊ द्या, जरा सतरंजी फिरवू," म्हणत संघप्रियाने आसनापुढची सतरंजी उचलली. खाली तांब्याच्या तारेचं भलंमोठं वेटोळं होतं आणि त्याच्या बटणावर शिष्याचा पाय. तिने प्लग उपसला. सगळे दिवे गेले, महाराजांच्या तोंडावरचं तेजही गेलं.

"ह्या तारेत वीज खेळली, की दिव्यातल्या बारक्या वेटोळ्यात वीज उमटते. लांब गेलं की कमी होते. हे पाप मोजत न्हाय, अंतर मोजतंय."

मल्लव्वा बराच वेळ हातातला दिवा उलटसुलट करत राहिली. मग तिने शिवानीला अक्षताच्या कडेवर दिलं. "घरला चल. दुधनीचं ऱ्हाऊ दे."

कुणाला दोषी ठरवायच्या आधी तो कुठे बसलाय ते पाहावं, आणि त्याला तिथे बसवलं कुणी, तेही विचारावं.