झोक्यावरचं गाणं बाजारात

मित्रांनो, माळ्यावर फुटक्या बादलीला टेकून जे लाकडी खोकं बसलंय ना, तोच मी. एक जुना रेडिओ. पुढचं कापड उंदरांनी कुरतडलंय, काटा एकाच जागी अडकून बसलाय आणि तोंडातून शब्द फुटून वर्षं झाली. पण कान शाबूत आहेत हो! खाली घरात काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं, असं हल्ली फार वाटतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सागवानी पेटी, सोनेरी कापड, आणि चालू केलं की उघडणारा हिरवा डोळा. असा नटूनथटून मी धुळ्याच्या एका पाद्रीसाहेबांच्या बंगल्यात आलो. साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांनी मला देवपुरात राहणाऱ्या मगनभाऊंना देऊन टाकलं. मगनभाऊ शाळेत शिपाई. त्यांनी मला लेकरासारखं कडेवर घेऊन घरी नेलं. त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, माझ्यावर घालायला क्रोशाचा रुमाल विणला. अख्खी गल्ली मला बघायला लोटली. काय तो मान, काय तो थाट! मला आवाज फुटायला वेळ लागायचा, आधी तापावं लागायचं. तेवढा वेळ सगळी गल्ली श्वास रोखून बसायची.

हे घर ख्रिस्ती. मगनभाऊ तरुणपणी मोठ्या दुखण्यातून उठले, आणि ज्या माणसांनी त्यांची सेवा केली त्यांचा देव त्यांनी आपला मानला. शेवंताबाईही नवऱ्यामागून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये गेल्या. पहाटे दोघांची उपासना व्हायची, मग मगनभाऊ माझा कान पिळायचे. मी बातम्या सांगायचो आणि ते बातमी-बातमीला डोळे मिटायचे. कुठे बस दरीत कोसळली, कुठे गोळीबार झाला, कुठे दुष्काळ पडला, यांची प्रत्येकासाठी प्रार्थना. "प्रभू, त्यांच्या आयांकडे बघ," एवढंच म्हणायचे, पण अगदी मनापासून. शेवंताबाई चुलीपाशी बसून त्यांना चिडवायच्या. त्यांची बोली अस्सल खानदेशी.

"बातम्या सरी गयात, तुमनी प्रार्थना सरत नही! चहा थंडगार व्हयना."

शेवंताबाईंना स्वतःला बातम्यांत काडीचा रस नव्हता. त्यांचा जीव संध्याकाळच्या लोकगीतांच्या कार्यक्रमात. त्यातही आखाजीची गाणी लागली की हातातलं पीठ हातात राहायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात सासुरवाशिणींची दिवाळी. भावाला नाहीतर भाच्याला मुराळी म्हणून धाडतात, तो तिला माहेरी घेऊन येतो. मग गौराई बसवायची, झाडाला झोके बांधायचे आणि बायकाबायकांनी गाणी म्हणायची. त्या गाण्यांत भावाला, भावजयीला मनसोक्त बोलून घ्यायचं. भाऊ कंजूष, भावजय खाष्ट, दाराला कडी, अंगावर कुत्रं, काय वाटेल ते! गाण्यात भावाचं नाव घालायचंच, तशी रीतच आहे. झोक्यावर बोललेलं कोणी मनावर घेत नाही, आणि पुरुष तिकडे फिरकतही नाहीत.

शेवंताबाईंचा भाऊ झुलाल सोनगीरला शेती करायचा. धुळ्याहून सोनगीर ते किती लांब! तासाभराची एसटी. पण बहीण ख्रिस्ती झाली त्या सालापासून त्याने मुराळी धाडणं बंद केलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं गप्प. दर आखाजीला शेवंताबाई नवं लुगडं नेसून दारात यायच्या आणि दुपार कलली की बदलून टाकायच्या. मुलं मोठी झाली, लग्नं होऊन आपापल्या संसाराला लागली, तरी बाईंचं हे चालूच. मला बघवायचं नाही.

एक्क्याण्णव साली रेडिओ केंद्रावरच्या एक बाई गाणी गोळा करत देवपुरात आल्या. कोणीतरी शेवंताबाईंचं नाव सांगितलं. मंडळीतल्या एकदोघांनी नाकं मुरडली, देवीच्या सणाची गाणी कशाला म्हणायची म्हणून. मगनभाऊ फटकन म्हणाले, "अहो, हे भावाचं गाणं आहे. भाऊ म्हणजे काय मूर्ती आहे का?" आणि स्वतः बायकोला एसटीत बसवून केंद्रावर घेऊन गेले.

तिथे त्या बाईंनी सांगितलं, घरी म्हणता तस्संच म्हणा. शेवंताबाईंनी तस्संच म्हटलं.

"आखाजीना सन उना, झोका गगनले भिडना,
झुलालदादा मना, मनी वाट का रे इसरना?
भावजईनी लाई कडी, कुत्रं सोडं मना वर,
भाऊ मना सावकार, बहीन उभी रस्तावर."

घरी येऊन त्यांनी मलाच म्हणून दाखवलं. हसत होत्या, डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "दादा आयकी ना, तं आपोआप मुराळी धाडी. त्याले मना आवाजनी लई माया."

आखाजी झाल्यावर जो बुधवार येईल, त्या संध्याकाळी गाणं लागणार असं ठरलं. तोवर झोके उतरत नाहीत, माहेरवाशिणी गेलेल्या नसतात. सोनगीरहून दूध घालायला येणाऱ्या उखर्डूच्या हाती शेवंताबाईंनी भावाला निरोप धाडला. उखर्डू दुसऱ्या दिवशी सांगत आला, "अक्का, झुलालभाऊ काही बोलना नही. पन दुकानवरथून नवा सेल लई उना." रेडिओत घालायला नवे सेल! शेवंताबाईंनी त्या दिवशी गल्लीभर साखर वाटली.

आणि मंगळवारी रात्री दक्षिणेत बॉम्बस्फोट झाला. निवडणुकीच्या सभेत माजी पंतप्रधान गेले. बुधवारी सकाळी मला ती बातमी सांगावी लागली. मगनभाऊ गुडघ्यांवर बसले ते उठेचनात. देशभर दुखवटा, गाणीबिणी सगळी बंद. संध्याकाळी शेवंताबाई माझ्यासमोर हात जोडून बसल्या होत्या आणि माझ्या पोटातून निघत होती सारंगी. नुसती रडकी सारंगी. मी तरी काय करणार हो? आकाशातून येईल ते बोलायचं, एवढीच माझी अक्कल.

"मेलेल्या माणसाचं दुःख मोठं आहे," मगनभाऊ समजूत घालत म्हणाले, "गाणं काय, पुढे लागेल."

लागलं ना! दुखवटा संपला, माहेरवाशिणी सासरी गेल्या, झोके उतरले, माणसं पेरणीच्या घाईला लागली. आणि मग एका संध्याकाळी, कोणाला काही न कळवता, माझ्यातून शेवंताबाईंचा आवाज आला. आधी नाव, मग गाव, मग गाणं. शेवंताबाई भाकर तव्यावर टाकून धावत आल्या. "मना आवाज! अहो, आयका, मी शे ही!" माझ्यावर गाल ठेवून त्यांनी गाणं ऐकलं. भाकर करपून कोळसा झाली. माझ्या उभ्या आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी झुलालभाऊ आले.

शेवंताबाईंनी धोतराचा सोगा बघूनच ओळखलं. पाणी आणायला आत पळाल्या. तांब्या घेऊन बाहेर येतात तो भाऊ उंबऱ्याबाहेरच उभा. आत यायला तयार नाही.

"दादा, ये ना आत."

"मी पानी पिवाले नही उनू," झुलालभाऊ म्हणाले. "तुना निरोप उना त्या बुधवारले मी दार लाई बठनू. घरमा एकला. सोता मनशी सांगं व्हतं, शेवंतीना आवाज आयकसू नि सकायले जाई तुले लई येसू. तधय काय आयकाले भेटनं? मरननं वाजप! नि परोनदिन मी बाजारमा, भिकमचंद शेठना दुकानवर. आख्खं बठ्ठं गाव तठे बियानंसाठे उभं. नि शेठना रेडिओमाथून तू बोलनी. मनं नाव लई बोलनी! बहीन रस्तावर, नि भाऊ सावकार! लोके मना तोंडकडे देखी हासनात, शेवंते."

"दादा, ते झोकानं गानं शे रे. तू लहानपनपासून आयकी ऱ्हायना."

"झोका कोठे व्हता तठे?" झुलालभाऊ ओरडले. "एकूनएक बठ्ठा पुरुष व्हतात!"

मगनभाऊ मधे पडले, हात जोडले, दुखवट्याचं सांगितलं. झुलालभाऊंनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता विरघळतील. पण नाही. बहिणीकडे न बघता ते म्हणाले, "मी मरनू तरी मनं तोंड देखाले येऊ नको." आणि निघून गेले. तांब्या तसाच हातात राहिला.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. शेवंताबाईंनी मला शिवी दिली नाही, आपटलं नाही. नुसता रुमाल काढून घेतला. पुढे घरात टीव्ही आला, माझी वर रवानगी झाली. बाई गायच्या थांबल्या त्या थांबल्याच. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरतो. मगनभाऊ दर वेळी विचारायचे, "चलतेस ना?" त्या नाही म्हणून मान हलवायच्या. भावाचा राग डोक्यावर असताना त्या पवित्र ताटाला हात कसा लावायचा, असं त्यांचं म्हणणं. "आधी दादासंगे गोड व्हऊ दे, मंग येसू." दोनदा त्या सोनगीरला गेल्या. दोन्ही वेळा दार उघडलं नाही.

परवा सकाळी खाली उखर्डूचा आवाज आला. पहाटे झुलालभाऊ गेले म्हणून सांगत होता. मगनभाऊंनी लगेच चपला घातल्या. म्हणाले, "चल, पहिली एसटी मिळेल. मेल्यावर कसला राग?"

"त्यानी नको सांगेल शे," शेवंताबाई म्हणाल्या. रडल्यासुद्धा नाहीत. दिवसभर त्या दारात बसून राहिल्या.

आज महिन्याचा पहिला रविवार. मगनभाऊ आता म्हातारे झालेत, कोट चढवायलाही वेळ लागतो. तरी त्यांनी विचारलंच, "चलतेस ना?"

बाई म्हणाल्या, "आते कोनासंगे गोड करू?"

मगनभाऊ एकटेच गेले.

मित्रांनो, मला खाली काढा, पुसा, दुरुस्त करा, असं माझं काही मागणं नाही. माझे दिवस भरले. एवढंच सांगतो, की तुमचं कोणी रुसलं असेल तर एसटी धरा, दार वाजवा, शिव्या खा, पण स्वतःच्या पायांनी जा. माझ्याकडून निरोप धाडू नका. मला एकाच्या कानात बोलता येत नाही.