पांढऱ्याला हात नाही

सासऱ्यांची दाढ सुजली आणि रेशीमअळ्यांची अख्खी शेड घरजावयाच्या गळ्यात पडली. दाढ काढायला निघताना सासरे गालाला फडकं बांधून बजावून गेले, "पांढरे झाले की हात लावायचा नाही. ही बॅच तगली तर घरात राहा, नाहीतर बॅग भर!"

त्यांना म्हणायचं होतं कोष. अळी पांढरा कोष विणायला लागली की तिला हलवायचं नसतं. पण "कोष" हा शब्द नेमका दाढेखाली अडकला.

सासरे सूज उतरेपर्यंत तिकडेच राहिले. इकडे एका ट्रेमधल्या अळ्या पांढऱ्या झाल्या. बुरशीने आतून पोखरून मारल्या होत्या, अंगावर पिठासारखी पूड धरली होती. जावयाने पेन्सिलीने एकीला टोचलं. टक्क! खडूसारखी कडक.

"वा, पक्क्या पांढऱ्या झाल्या!" तो खूश झाला. हात तर लावला नाहीच, वर लाडाने टेबलफॅन लावला. फॅनने ती पूड मन लावून प्रत्येक ट्रेला पोचवली.

सासरे परतले तेव्हा शेडमध्ये जिवंत असे जावईबापूच उरले होते.

"मामा, बघा! एकीलाही हात लावला नाही."

सासऱ्यांनी लावला. कानाखाली असा, की जावई रॅक घेऊनच कोसळला.

"गाढवा, बुरशी आहे ही! मढ्यांना वारा घालत बसलास?"

"तुम्ही कोष म्हणालाच नाहीत!" जावयाने उठता उठता हात फिरवला. तो बसला दाढ काढलेल्या गालावर. टाके तुटले. रक्ताची पिचकारी फॅनमध्ये गेली, आणि फॅनने तीही सगळीकडे सारखी वाटली.

मग सासऱ्यांनी रॅकचा लोखंडी दांडा उपसला. पहिल्या फटक्यात जावयाचं मनगट गेलं, दुसऱ्यात नाक. तिसरा चुकवायला तो शेडमध्ये शिंपडायला ठेवलेल्या चुन्याच्या पोत्याआड लपला. पोतं फुटलं आणि सगळा चुना त्याच्या डोक्यावर आला.

दांडा चौथ्यांदा वर गेला, तेवढ्यात दारातून सासूबाई ओरडल्या, "अहो, थांबा! पांढरा झालाय तो. हात लावायचा नाही, तुमचंच सांगणं ना?"

सासरे थबकले. शब्दाचे पक्के माणूस. दांडा भिंतीला नीट टेकवून ठेवला, धोतर सावरलं आणि कमरेत अशी लाथ घातली, की जावई थेट दाराबाहेर.

सासूबाई बाजूला सरकल्या आणि त्यांनी त्याची बॅग त्याच्या अंगावर भिरकावली. ती त्यांनी घरातूनच भरून आणली होती.