वाढत्या अंगाची बाग

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. माझं पाणी एकदा छत्रीच्या लाकडी दांड्यावर सांडलं आणि संध्याकाळपर्यंत दांड्याला पालवी फुटली, यावर तरी कोणी विश्वास ठेवला? छत्रीवाला बिचारा पाऊस नसतानाही छत्री उघडून हिंडायचा, पालवीला ऊन लागू नये म्हणून.

मला घडवणारा कारागीर पत्रा ठोकताना शीळ घालायचा, त्यामुळे माझ्या तोटीतून पाणी पडतं तेही सुरात. पुढे मी एका रोपवाटिकेत कामाला लागले. तिथले माळीबुवा मला उचलून गिऱ्हाइकांना म्हणायचे, "माणसं थकतील, ही नाही थकणार." त्या कौतुकाने माझी मान जी वर झाली ती अजून खाली आलेली नाही. बघा हवं तर, तोटी आकाशाकडेच आहे.

एके दिवशी तिथे एक म्हातारे शिंपी आले. बरोबर मुलगा आणि सून. बायको गेल्यावर शिंपीबाबांनी दुकान बंद केलं होतं आणि ते नुकतेच मुलाच्या नव्या घरी राहायला आले होते. दिवसभर खिडकीशी बसायचे आणि रिकाम्या हातांकडे बघायचे. घरापुढचं अंगण उघडंबोडकं होतं. सुनेने त्यांना सांगून टाकलं होतं, "बाबा, अंगण तुमचं. काय लावायचं, कुठे लावायचं, तुम्ही बघा." हातांना काम मिळालं तर हा माणूस इथे रुजेल, असं तिच्या मनात होतं.

माळीबुवांनी फुललेला गुलाब पुढे केला. शिंपीबाबा म्हणाले, "थांबा. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही." आणि एकही रोप न घेता, फक्त मला घेऊन ते घरी आले!

मग काय विचारता! गळ्यात टेप, हातात शिवणकामाचा खडू. सकाळी सावली कुठे पडते, दुपारी कुठे सरकते, तिथे तिथे जमिनीवर रेघा. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय हो आजोबा, अंगणाला सदरा शिवताय का?"

"सदरा नव्हे, सूट. आणि वरून कोटसुद्धा!"

झाडंही त्यांनी नीट पारखून आणली. भरपूर ऊन येई तिथे गुलाब आणि शेवंती. भिंतीच्या गार सावलीत नेचे. खिडकीखाली जास्वंद, वाटेच्या कडेला बोगनवेल, दाराशी कण्हेर. जागा एकेक बरोबर. लावली मात्र अगदी अंगाबरोबर, रोपाला रोप खेटून. "झोळ दिसता कामा नये," ते म्हणायचे. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. त्या दिवसांत शिंपीबाबा जेवताना दोन घास जास्त खायचे.

मीही काही कमी नव्हते. असं पाणी घातलं, असं घातलं, की रोपं वाढताना कुरकुर आवाज यायचा आणि शेजारच्यांचं मांजर कान झाकून पळायचं. आणि तिथेच घात झाला. वर्ष सरता सरता जास्वंदीने खिडकी गिळली. घरात दिवसा दिवा लावायची वेळ आली. गुलाब तिच्या सावलीत सापडला आणि फुलायचाच थांबला. दार अर्धं उघडायचं. पोस्टमन आडवा होऊन आत यायचा आणि बोगनवेलीला शिव्या देत बाहेर जायचा.

एका सकाळी मुलगा कामावर निघाला आणि बाही काट्यांत अडकून टर्रकन फाटली. आधीच उशीर झालेला. "बाबा, हे सगळं आता उचलून टाकायला पाहिजे!" असं म्हणून तो तरातरा निघून गेला.

तो म्हणाला झाडांना. शिंपीबाबांनी ऐकलं स्वतःला.

ते माझ्याजवळ आले, मला उचललं आणि पाणी न भरताच खाली ठेवलं. "हात गेला माझा," ते पुटपुटले. "माप चुकणारा शिंपी कोणाला हवाय?" मग आत जाऊन त्यांनी पिशवी भरली. कात्री, टेप, बायकोचा फोटो. बहिणीकडे निघून जायचं त्यांनी ठरवलं होतं.

आता माझा पराक्रम ऐका. शिंपीबाबा फाटकापाशी पोचले. कडी काढली. एक पाय रस्त्यावर! तशी मी कोपऱ्यातून झेप घेतली, पिशवीचा बंद तोटीत अडकवला आणि अशी ओढ धरली की माझ्या बुडाचा सांधा उचकटला. हे बघा भोक. ते पुढे ओढतायत, मी मागे ओढतेय. तेवढ्यात सून बाहेर आली. तिच्या हातात ड्रेस होता.

पिशवी तिला दिसली. तिने ती दिसलीच नाही असं दाखवलं.

"बाबा, हा कमरेत होत नाही. जरा उसवून द्याल?"

"होत नाही? मीच शिवलाय तो! होत कसा नाही?" आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सून खाली बघून हसत होती.

"अगं... कधी?"

"अजून वेळ आहे खूप. ड्रेसला आधी कळलं, एवढंच."

शिंपीबाबांनी पिशवीतून कात्री काढली, पायरीवर बसकण मारली आणि ड्रेस उलटा केला. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना जास्तीचं कापड दुमडलेलं होतं. "हे बघ पोरी, सोडून ठेवलंय. माणसाचं अंग आज आहे तसं उद्या राहत नाही. हे मी कधी विसर..." कात्री थांबली. त्यांनी मान वर करून अंगणाकडे पाहिलं. "अगं, मी माप घेतलं ते अंगणाचं! झाडांचं घेतलंच नाही. ही तर वाढत्या अंगाची!"

"मग उसवा की," सून म्हणाली. "पण आधी माझा ड्रेस हं."

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा अंगणात खड्डेच खड्डे होते. त्याने फाटकी बाही वर सारली, कुदळ घेतली आणि विचारलं, "बाबा, कुठे खणू?"

शिंपीबाबांनी माळीबुवांना गाठून एकेका झाडाचं पूर्ण वाढलेलं माप विचारून घेतलं. जास्वंद खिडकीपासून लांब गेली. बोगनवेल मागच्या कुंपणावर चढली. कण्हेर मुळासकट निघाली. "हिच्यात विष असतं. रांगतं पोर दिसेल ते तोंडात घालतं." जास्तीची रोपं कुंपणापलीकडे गेली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे सुटातलं उरलेलं कापड आमच्या वाट्याला!" आणि झाडाझाडांच्या मध्ये छान मोकळी माती राहिली.

त्या मातीवर रांगलेली मुलगी आता माझ्यासमोर मैत्रिणींना घेऊन बसली आहे. तिच्या डोक्यात गुलाब आहे, आणि डोकं ठेवायला आजोबांची मांडी आहे. घरात पाणी घालायची रबरी नळी आली तशी मी खिळ्यावर गेले. कोणी पुसत नाही. माझं दुःख कोणाला सांगू?

म्हणून सांगते, मित्रांनो, रोप निवडताना ते आज किती गोंडस दिसतं हे बघू नका. मोठेपणी त्याला किती जागा लागेल, किती ऊन लागेल, ते विचारा. आणि जुन्या झारीला जपा. त्या दिवशी फाटकात मी पिशवी धरून ठेवली नसती, तर या पोरीला आजोबा...

"खोटं!"

आजोबा ओरडले. डोळे मिटून बसले होते, आम्हाला वाटलं झोपले.

"साफ खोटं! फाटकापर्यंत गेलं होतं कोण? पिशवी भरली आणि पायरीवर जाऊन बसलो. सकाळपासून. कोणी 'जाऊ नका' म्हणतंय का, याची वाट बघत."