फ्रिजमध्ये नऊ दिवस

मी एक नळी आहे. पिवळ्या टोपणाची, करंगळीएवढी. अंगावर चिठ्ठी आहे: अनुजा, वय सव्वीस, पेठ वडगाव. नाव तिचं, रक्तही तिचं. माझं म्हणाल तर नुसतं प्लास्टिक.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपल्या हातून कुणाचा तरी जीव वाचेल. कोरी होते, म्हणून तसं वाटलं.

अनुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना. तेवढ्यात भावाच्या मुलीला कांजिण्या आल्या आणि ती आत्याच्या मांडीवरून उठेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला लहानपणी येऊन गेल्यात का?" अनुजाने आईकडे पाहिलं. शालूबाई म्हणाल्या, "थोरल्याला आल्यात्या, ते ध्यानात हाय. हिचं आठवत न्हाय बघा."

मुलाचं दुखणं लक्षात, मुलीचं नाही! म्हणून ते माझ्याकडून शोधून घ्यायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, "रक्तात कांजिण्यांची प्रतिकारशक्ती नसेल तर इंजेक्शन द्यावं लागेल. तेही सात दिवसांच्या आत, नाहीतर बाळाच्या जिवाला धोका."

राजारामपुरीतल्या लॅबमध्ये तिथल्या टेक्निशियनने, सयाजीने, मला गरगर फिरवलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. "कांजिण्यांची एकच हाय. आठ-दहा जमल्या की लावू. एकीसाठी किट कोण फोडतंय?"

मी थांबले. साखरेच्या नळ्या आल्या आणि तासाभरात मशीनवर गेल्या. थायरॉईडवाल्या कालच्या, त्याही गेल्या. दार दिवसातून पन्नास वेळा उघडायचं; हात यायचा तो शेजारणीसाठी. शालूबाईंचा रोज फोन.

"झालं का ओ?"

"होतंय की, मावशी."

शब्द द्यायला सयाजीचं काय जात होतं?

नवव्या दिवशी मला मशीनवर लावलं. उत्तर स्वच्छ आलं: प्रतिकारशक्ती नाही.

दुसऱ्या दिवशी शालूबाई आल्या. त्याच सकाळी अनुजाच्या अंगभर फोड उठले होते.

सयाजीने कागद पुढे केला. "रिपोर्ट एकदम बरोबर हाय, मावशी."

"व्हय," शालूबाई म्हणाल्या. "आता ह्यो कुणाला दाखवू?"

त्याने मान खाली घातली. मला त्याची कीव आली नाही. अजूनही येत नाही.

दोन दिवसांनी अनुजा बाळंत झाली, हे मला आज कळलं. माझ्या शेजारी एक इवलीशी नळी आणून ठेवली आहे. तिच्यावर लिहिलंय: अनुजाचं बाळ, वय पाच दिवस, ताप. आत जेमतेम चार थेंब रक्त आहे.

मला उद्या कचऱ्यात टाकणार आहेत. खुशाल टाका. पण सयाजी, हिच्यासाठी कुणाची वाट बघू नकोस रे. आत्ता लाव. एकटीलाच लाव.