अकरा की सव्वीस

माती कधी खोटं बोलत नाही. लिंबांच्या त्या बागेतल्या दोन्ही जावांचं या एका गोष्टीवर एकमत होतं. एकमत व्हावं अशी दुसरी गोष्ट नऊ वर्षांत सापडली नव्हती, आणि हीसुद्धा दोघी एकमेकींना ऐकवण्यापुरतीच वापरत.

भांडण चावीचं होतं. बागेच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह हातभर लांबीच्या लोखंडी चावीने उघडे, आणि ती चावी थोरलीच्या स्वयंपाकघरात दारामागे टांगलेली असे. पाणी कधी सोडायचं ते थोरली ठरवी. मुठीत माती घ्यायची, आवळायची. गोळा झाला तर ओल आहे, फुटला तर नाही. धाकटी शेतकी महाविद्यालयात शिकलेली. तिने बागेत ओल मोजणारा सेन्सर पुरला. तो तिच्या फोनवर दर तासाला आकडा पाठवी.

"ताई, अकरा टक्के आहे. पंधराच्या खाली गेलं की पाणी द्यायलाच हवं. चावी द्या."

थोरलीने मातीचा गोळा करून तिच्या नाकासमोर धरला. "हा बघ. तीन दिवस हात लावायची गरज नाही. पलंगावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि म्हणे चावी द्या!"

"तुमच्या मुठीला दशांश चिन्ह आहे का?"

"नाही. पण तुझ्या खुंट्याला अक्कल आहे का?"

शेवटी सासऱ्यांनी तोड काढली. ते निवृत्त गणितशिक्षक होते आणि दोघींनाही सारखेच घाबरत. शंभर मिलिलिटरचा एक डबा सेन्सरशेजारी जमिनीत ठोकून काठोकाठ भरायचा, माती वजन करून ओव्हनमध्ये एकशेपाच अंशांवर चोवीस तास सुकवायची आणि पुन्हा वजन करायचं. जितके ग्रॅम उडाले तितके टक्के ओल. जिचं खरं ठरेल, चावी तिची. कायमची.

ओली माती भरली एकशे अठ्ठावन्न ग्रॅम. घरात चोवीस तास माती भाजत होती, आणि दोघींचे नवरे शेजाऱ्याकडे जेवत होते. जावांनी ओव्हनसमोर खुर्च्या टाकल्या. कुणी पाणी प्यायला उठलं तरी दुसरीची नजर दारापर्यंत सोबत जाई.

"दार उघडू नकोस, उष्णता जाते," थोरली म्हणाली.

"उघडलं नाही. काच पुसली."

"पुसायची काय? भाकरी आहे का ती, फुगली का बघायला?"

सकाळी धाकटी सेन्सर बघून यायला गेली. हात लावला तर तो हलणाऱ्या दातासारखा डुगडुगला. तिनेच पहारीने खड्डा केला होता, जरा मोठा झाला होता, आणि माती भुसभुशीत लोटून बुजवली होती. सेन्सरच्या सळ्यांभोवती सगळी हवा. चार महिने तो इमानेइतबारे हवा मोजत होता.

तिने तो उपटला, शेजारच्या घट्ट जमिनीत सरळ दाबून बसवला आणि फोन बघितला. सव्वीस.

म्हणजे सेन्सर चांगला होता. म्हणजे थोरली बरोबर होती. धाकटी बराच वेळ तिथेच उकिडवी बसली. परत जुन्या खड्ड्यात ठेवला तर पुन्हा अकरा दाखवील, हे तिला ठाऊक होतं. तिचा हातही एकदा तिकडे गेला. पण खोटा आकडा स्वतः लिहायचा म्हणजे मुठीचीच बरोबरी. तेवढं खाली उतरायची तिची तयारी नव्हती. तिने तो होता तिथेच राहू दिला.

सुकलेली माती भरली एकशे बत्तीस ग्रॅम. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"सव्वीस."

"माझा सेन्सरही सव्वीसच दाखवतोय," धाकटी म्हणाली. "आज सकाळपासून."

"आणि कालपर्यंत?" थोरलीने विचारलं.

"काल खड्डा चुकला होता."

"खड्डा कुणी केला? नाचता येईना, अंगण वाकडं!"

चावी दारामागेच राहिली. थोरलीने तिला तेल लावलं, तेही धाकटी समोर असताना. मग जखमेवर मीठ म्हणून पाणी सोडणंच बंद केलं. तीन दिवस गेले, पाच गेले, आठ गेले. रोज ती मातीचा गोळा करून आणी आणि धाकटीच्या दारात ठेवून जाई.

"बघ म्हणावं. याला हात म्हणतात."

धाकटी गोळे उंबऱ्याबाहेर लोटून आकडे लिहीत होती. सव्वीस. सव्वीस. सव्वीस. नवव्या दिवशी वही घेऊन ती थोरलीच्या स्वयंपाकघरात शिरली.

"ताई, एवढ्या उन्हात नऊ दिवस पाणी नाही आणि एक टक्कासुद्धा कमी नाही. अशी माती जगात नसते."

"माझी आहे. जळतेस तू."

"जळते. पण फिटरला बोलवा."

फिटर आला, त्याने व्हॉल्व्ह खोलला. आतला पाणी अडवणारा रबरी वायसर तुकड्यातुकड्यांनी त्याच्या हातात आला. "हा दोन वर्षं तरी बंदच होत नसणार," तो म्हणाला. "चावी फिरवा नाहीतर नका फिरवू, पाणी आपलं झिरपतंय."

दोघी जावांनी एकाच वेळी थोरलीच्या हातातल्या चावीकडे बघितलं. सासरे हळूच बाहेर निघून गेले.

फिटरने दुपारपर्यंत नवा व्हॉल्व्ह बसवला. तो हातानेच फिरतो. त्याला चावी लागत नाही.