ज्याच्या मागं जागा

काजल काहीतरी लपवत होती. मी तिच्या टेबलाजवळून गेलो की तिची खुर्ची जरा वळायची आणि पडद्यावर एकदम काहीतरी साळसूद उघडायचं. माणूस उगाच साळसूद होत नाही.

आमची कंपनी छोटी, मालक भूपेश. आयटी पार्कच्या मागच्या रस्त्याला, पान टपरीच्या वर. आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. त्यातला एक, जुन्या शहरात लपतछपत फिरणाऱ्या निरोप्याचा, बऱ्यापैकी चालला होता. आता गेम खेळायच्या यंत्रांची, म्हणजे कन्सोलची, नवी पिढी आली आणि परदेशातल्या प्रकाशकानं तोच गेम नव्या यंत्रासाठी सुधारून मागितला. भूपेशनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की हे काम संपलं की दोन प्रोग्रामरपैकी एकालाच ठेवता येईल. दोघांपैकी एक मी, रविंद्र, कंपनीत पहिल्या दिवसापासून असलेला. दुसरी काजल, कन्हानहून रोज मोपेडवर येणारी, अगदी नवी. मला एका इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकवायला बोलावणं होतं, पण फळ्यापुढं उभं राहायचं माझ्या जिवावर येतं. मला इथंच राहायचं होतं.

आणि मला ठेवण्याचं कारण म्हणजे माझी गल्ली.

जुन्या कन्सोलला आख्खं शहर एका वेळी पेलत नसे. एका चौकातून दुसऱ्या चौकात जायचं तर आधीचा चौक पुसून पुढचा डिस्कवरून आणावा लागे, आणि त्याला वेळ लागे. बाकीचे लोक अशा वेळी पडद्यावर गोल फिरणारं चाक दाखवतात. मी महालातला, म्हणजे जुन्या नागपुरातला माणूस. मी मधे आमच्या घराजवळची गल्ली घातली. गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर येतात, अडकतात, दोघं भांडतात, आणि खेळणारा मागं उभा राहून ऐकतो. तेवढ्यात पुढचा चौक तयार. भांडणाचे दोन्ही आवाज माझेच.

"मागं घे ना गा!"

"मी काहून घेऊ? तुह्या मागं गिरणीपुढं जागा हाय ना!"

आमच्या गल्लीचा तो कायदाच आहे. ज्याच्या मागं जागा, त्यानं गाडी मागं घ्यायची. वय, मान, बाई-माणूस काही पाहायचं नाही. त्यामुळे भांडण कोणी मागं घ्यावी याचं नसतं, जागा नक्की कोणाच्या मागं आहे याचं असतं. लोकांना हे भांडण इतकं आवडलं की गेम संपवला नाही तरी भांडण पूर्ण ऐकायचे.

नव्या यंत्राला मात्र वाट पाहावीच लागत नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं शहर हजर. प्रकाशकाचं म्हणणं स्वच्छ होतं: थांबण्याच्या जागा काढा. गल्ली गेली की भूपेशला माझी काय गरज?

या धंद्यात आणखी एक शिस्त असते. खेळणाऱ्याच्या पाठीमागं जे आहे ते यंत्रानं रंगवायचंच नाही. तो पाहत नाही, मग कशाला मेहनत? त्यानं मान वळवली की झटकन उभं करायचं. काजलला हे मीच शिकवलं होतं. ती फार लवकर शिकली, आणि मला ऑफिसात पाठ वळवायची धास्ती वाटू लागली.

एका दुपारी ती आणि भूपेश काचेच्या खोलीत बसले होते. मी दार ढकललं आणि दोघं गप्प झाले.

"काही काम होतं काय, रविंद्रभाऊ?" भूपेश म्हणाला.

"नाही. कूलरमधी पाणी आहे का पाहून राहिलो," मी म्हणालो. कूलर बाहेर होता.

त्याच संध्याकाळी मी तिचं नवं काम चालवून पाहिलं. गल्ली नव्हती. एका चौकातून निघालो आणि थेट पुढच्या चौकात पडलो. मी कोणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर मी पाहतोय हे त्यांना कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी तीच माझ्याकडे आली. "सर, गल्लीतल्या भांडणाच्या मूळ आवाजाच्या फाईली कुठे आहेत?"

म्हणजे आता मुळासकट उपटायचं होतं तर! "जुनी हार्डडिस्क गेली, तिच्यासंगं गेल्या," मी सांगितलं. हार्डडिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

"अरेरे," ती म्हणाली. तिचा चेहरा खरंच पडला. तेही मला नाटकच वाटलं.

काही दिवसांनी गल्ली परत आली, पण कशी? आता खेळणारा अडकत नव्हता. बाजूच्या फटीतून हवं तेव्हा निघून जाऊ शकत होता, हवं तर थांबून ऐकू शकत होता. आणि ज्याच्या मागं गिरणीपुढची जागा, तो ऐटीत बसून होता. ज्याच्या मागं हातगाडी अडलेली, तो बिचारा स्कूटर मागं घेत होता. महालात असं झालं असतं तर गल्ली गोळा झाली असती. मला मात्र आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चूक हाती लागली होती. मी तडक भूपेशकडे गेलो.

"पाह, काय वाटोळं केलं तिनं माह्या गल्लीचं."

भूपेशनं डोळे चोळले. "रविंद्रभाऊ, गल्ली काढा म्हणणारा मी. ठेवा म्हणून तीच माह्याशी भांडून राहिली. म्हणते, काढून पाहिली तर दोन्ही चौक एकमेकाले चिकटते, शहर खेळण्यातलं वाटते. मी म्हटलं, ठेव. पण प्रकाशकानं परत पाठवलं तर तू घरी जाशील."

मी मान डोलावली आणि बाहेर आलो. पण मन मानेना. कोणी दुसऱ्याच्या गल्लीसाठी नोकरी पणाला लावतं का? मग लक्षात आलं. गल्ली तिला स्वतःच्या नावावर करून घ्यायची होती. गल्ली राहणार, गल्लीवाला जाणार.

रविवारी सकाळी मी तर्री-पोहे आणायला स्कूटर काढली. गिरणी ओलांडली आणि समोरून मोपेड आली. काजल! एका हातात मोबाइल, शूटिंग सुरू. माझ्या घरापर्यंत पोचली होती बया. तिच्या मागोमाग कोथिंबीरवाल्याची हातगाडी गल्लीत शिरली आणि तिथंच अडली.

"इथं काय करून राहिली वं?" मी ओरडलोच.

ती दचकली. "सर! थांबा, मी मागं घेते. तुम्ही मोठे आहात."

"तू काहून घेशील? मागं पाह जरा. जागा कोणाच्या मागं आहे?"

तिनं वळून हातगाडी पाहिली. मग माझ्या पाठीमागची गिरणी पाहिली. आणि तिनं कपाळावर हात मारला.

"असं असते होय! आमच्या कन्हानले लहान माणूस मागं घेते. मी म्हणून लहान्याले मागं घ्यायले लावलं. तरीच ते भांडण जमून नाही राहिलं! तीन रविवारपासून येऊन राहिली मी, पण बरोबर दोन गाड्या समोरासमोर येतच नव्हत्या."

"मले काहून नाही विचारलं?"

"विचारलं होतं ना, फाईली. तुम्ही म्हटलं, गेल्या. मग अर्धवट बिघडलेली गल्ली तुम्हाले कशी दाखवू? खुर्चीच वळवून टाको मी." तिनं मोबाइल खिशात ठेवला. "सर, हे जमलं नाही तर भूपेशसर मले काढतीन. नागपुरात असं काम दुसरीकडं नाही, अन् घरचे पुण्याले पाठवत नाहीत."

हातगाडीवाला ओरडला, "ओ काका, घ्या ना मागं!"

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. एवढ्या दिवसांत माझ्या गल्लीसाठी एकच माणूस भांडत होतं, आणि मी त्याच्याच मागं हात धुऊन लागलो होतो. मी पाय टेकवत टेकवत स्कूटर गिरणीपर्यंत मागं नेली. काजल पुढं निघाली. जाताना ती हसली. काहून हसली, असं क्षणभर मनात आलंच. सवय जात नाही.

सोमवारी मी ड्रॉवरमधली हार्डडिस्क तिच्या टेबलावर ठेवली. तिनं हार्डडिस्ककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती जोडायला वायर शोधू लागली. मग मी काचेच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

"हे काम झालं की काजलले ठेव. मी कॉलेजात जातो," मी भूपेशला म्हणालो.

भूपेशचे डोळे बारीक झाले. "काहून? तुमचं दोघांचं काय शिजून राहिलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "माह्या मागं जागा आहे."

तो रुंद रस्त्यांच्या धरमपेठेतला माणूस. तो माझ्या मागची भिंत पाहत राहिला.